संगणक-सुरक्षेचे पदवीधर कोणाच्या पदरी?

अमेरिकेतील मेरीलँड राज्याच्या विद्यापीठाने २०१३ साली पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी संगणक-सुरक्षेचा एक खास अभ्यासक्रम सुरू केला. निवडक, गुणवान विद्यार्थ्यांना घेऊन चालणारा हा उपक्रम 'एसेस' या आद्याक्षरी नावाने ओळखला जातो. अशा प्रकारचा देशातील पहिलाच उपक्रम म्हणून त्याचा गौरव झाला. त्यासाठी ११ लाख डॉलरांची देणगी दिली ती नॉर्थ्रॉप ग्रमन या कंपनीने; म्हणजे अण्वस्त्रे वाहून नेणारे बी-२ बाँबफेकी विमान बनवणाऱ्या बड्या शस्त्रास्त्र-कारखानदाराने. १८५६ साली शेतकी महाविद्यालय म्हणून ज्या संस्थेला सनद मिळाली आणि पुढे १८६२च्या मॉरिल कायद्यान्वये जिला सार्वजनिक जमिनींच्या उत्पन्नातून साहाय्य मिळाले, त्या संस्थेच्या वर्गात हा पैसा शिरावा, यातील विसंगती कोणाच्याही ध्यानात यावी.

शिक्षण म्हणून हा उपक्रम टाकाऊ आहे असे मुळीच नव्हे. केवळ संगणकशास्त्राच्या नव्हे, तर इतर शाखांच्या विद्यार्थ्यांनाही तेथे प्रवेश आहे; पहिली दोन वर्षे ते एकत्र राहतात आणि गटागटाने काम करतात. यात शहाणपण आहे. संगणकातील चोरी बहुधा यंत्राच्या दोषापेक्षा एखाद्या कारकुनाने बनावट पत्रावर विश्वास ठेवल्यामुळे होते, आणि तो कारकून कसा विचार करतो हे निव्वळ गणिताने कळत नाही. आक्षेप अभ्यासक्रमावर नाही. इतक्या कष्टाने घडवलेली ही बुद्धी शेवटी कोणाच्या रक्षणासाठी वापरली जाणार, हा खरा प्रश्न आहे.

विद्यापीठाचे गाव कॉलेज पार्क. तेथून मोटारीने अर्ध्या तासाच्या अंतरावर फोर्ट मीड येथे अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेचे, म्हणजे जगभरची संभाषणे टिपणाऱ्या खात्याचे, मुख्यालय आहे. योगायोग असा की, एडवर्ड स्नोडेन याने या खात्याची कृत्ये उघडकीस आणली ती २०१३च्या जूनमध्ये, आणि 'एसेस'ची पहिली तुकडी दाखल झाली ती त्यानंतरच्याच सत्रात. या खात्याला 'सुरक्षा' म्हणजे काय अभिप्रेत असते, याचा दाखला २०१७च्या मे महिन्यात मिळाला. मायक्रोसॉफ्टच्या प्रणालीतील एक दोष या खात्याने स्वतःच्या हल्ल्यासाठी गुप्त ठेवला होता. त्यावर बनवलेले हत्यार चोरीला गेले, ते 'वॉनाक्राय' या हल्ल्यात वापरले गेले आणि ब्रिटनच्या सार्वजनिक रुग्णालयांतील हजारो रुग्णांच्या तपासण्या व शस्त्रक्रिया रद्द झाल्या. दोष वेळीच कळवला असता तर तो तेव्हाच बुजवता आला असता.

विद्यापीठापासून पन्नासएक किलोमीटरवर बाल्टिमोर शहर आहे. बहुसंख्य वस्ती कृष्णवर्णीयांची, त्यात गरिबी मोठी. ७ मे २०१९ रोजी या शहराच्या नगर-प्रशासनाचे संगणक खंडणीखोरांनी कुलूपबंद केले. पाणीपट्टीची बिले निघेनात, घरांचे खरेदीव्यवहार अडकले, कचेऱ्यांचा पत्रव्यवहार थांबला. महापौरांनी खंडणी नाकारली, ते योग्यच झाले. परंतु शहराला बसलेला भुर्दंड सुमारे १ कोटी ८० लाख डॉलरांचा असल्याचा अंदाज नगर-प्रशासनानेच दिला. देशातील पहिला गुणवत्ता उपक्रम आणि देशातील सर्वात बलाढ्य संगणक-हेरखाते ज्याच्या शेजारी, त्या शहराची ही स्थिती! शस्त्रकंपनी देईल तो पगार नगरपालिका देऊ शकत नाही, आणि बाजाराचा न्याय तेवढ्यावरच संपतो.

यावर 'मग सरकारनेच खर्च करावा' असे कोणी म्हणेल, आणि ते बरोबरही आहे. तशी एक योजना तेथे शतकाच्या आरंभापासून आहे. राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाच्या 'सायबरकोअर' शिष्यवृत्तीत सरकार विद्यार्थ्याचे शुल्क भरते, निर्वाहवेतन देते आणि जितका काळ शिष्यवृत्ती घेतली तितका काळ सरकारी सेवा करण्याचा करार लिहून घेते. सेवा झाली नाही, तर शिष्यवृत्तीचे कर्ज होते. ज्ञान समाजाच्या पैशाने घ्यावे आणि समाजाला परत द्यावे, हे समाजवादी कार्यकर्त्याला पटणारेच सूत्र आहे. पण यातील बहुतांश जागा केंद्र सरकारच्या. राज्ये आणि नगरपालिका यांचा वाटा अल्प.

२० जानेवारी २०२५ रोजी राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी केंद्र सरकारची नोकरभरतीच गोठवली. करार करणारे सरकार, आणि कराराची पूर्तता अशक्य करणारेही सरकार; कर्जाचा बोजा मात्र बावीस-तेवीस वर्षांच्या पोरांच्या डोक्यावर. या आदेशातून लष्कर, राष्ट्रीय सुरक्षा आणि स्थलांतरितांवरील कारवाई यांच्याशी संबंधित जागा वगळल्या होत्या, हे विसरता येणार नाही. विद्यार्थ्यांसाठी उघडे राहिलेले दार कोणते होते, हे त्यावरून दिसते.

तेव्हा मागणी करायची ती नेमकी करावी. सरकारच्या आदेशामुळे ज्यांना सेवा करता आली नाही त्यांचे कर्ज रद्द व्हावे. कराराच्या 'सेवे'त नगरपालिका, शाळा आणि सार्वजनिक रुग्णालये यांना मोठा वाटा मिळावा. आणि मेरीलँडच्या विधिमंडळाने आपल्या विद्यापीठाच्या अशा उपक्रमाचा खर्च आपल्या अंदाजपत्रकातून उचलावा. ११ लाख डॉलर ही रक्कम काही त्या राज्याला जड नाही. बाल्टिमोरने एका हल्ल्यात याच्या सोळापट गमावले.