सातव्या आज्ञेचे काय?

इंग्रजीत 'कोझी मिस्टरी' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या रहस्यकथांविषयी आपल्या समाजात एक समजूत दृढ झाली आहे. या कथा सोज्वळ आहेत, निरुपद्रवी आहेत, घरातील कोणाच्याही हाती निर्धास्तपणे द्याव्यात अशा आहेत, असे पालक म्हणतात, शिक्षक म्हणतात आणि क्वचित धर्मगुरूही म्हणतात. त्यांत रक्ताचे सडे नसतात, अश्लीलता नसते, शिवीगाळ नसते. एखादे टुमदार खेडे, तेथील चर्च, चहाचे टेबल, सर्वांची खडान्‌खडा माहिती असलेली एक चौकस वृद्धा आणि पहिल्या काही प्रकरणांतच आढळणारा एक मृतदेह, एवढ्या सामग्रीवर कथा उभी राहते. अखेरीस खुनी सापडतो आणि गाव पुन्हा चहा प्यायला बसते.

या प्रकारातील सर्वच कथांविषयी आमची तक्रार नाही. जुन्या दुर्मिळ वस्तूंचे व्यापारी, संग्राहक आणि लिलाव यांच्या जगात घडणाऱ्या कथांची जी शाखा गेल्या काही दशकांत भरभराटीस आली, तिच्याविषयी आहे. आमच्या इंग्रजी माध्यमात शिकलेल्या मुलामुलींच्या हाती ही पुस्तके आता सहज येतात, आणि वडीलधारी मंडळी ती पाहून समाधान पावतात. आमचे म्हणणे असे की, या कथा पाचवी आज्ञा कसोशीने पाळतात आणि सातवी साफ विसरतात. खून करू नये, हे त्यांना पक्के ठाऊक असते. चोरी करू नये, आणि चोरीची वस्तू ज्याची त्याला परत करावी, याचा मात्र त्यांत सहसा पत्ता नसतो.

हा विसर नवा नाही. ॲगाथा ख्रिस्तींची मिस मार्पल ज्या कादंबरीत प्रथम अवतरली, ती 'द मर्डर ॲट द व्हिकारेज' १९३० मध्ये प्रसिद्ध झाली. खून होतो तो अँग्लिकन धर्मगुरूच्या घरी, आणि कथाही तोच धर्मगुरू सांगतो. त्याच कादंबरीत पुरातत्त्वज्ञ म्हणून वावरणारा एक तोतया आहे. गावातील धनिकाच्या घरची जुनी, मौल्यवान चांदीची भांडी लांबवून त्यांच्या जागी हुबेहूब नकला ठेवण्याचा त्याचा उद्योग चाललेला असतो. ही चोरी कथेत येते ती वाचकाला भलत्याच वाटेवर नेण्यासाठी. खुनाचा उलगडा झाला की त्या चांदीची आठवण कोणालाही राहत नाही. (खुनी कोण, हे आम्ही सांगत नाही, ज्यांनी वाचली नसेल त्यांनी अवश्य वाचावी. ख्रिस्तीबाईंची लेखणी आम्हांलाही प्रिय आहे.) रहस्यकथेचे दहा नियम १९२९ मध्ये घालून देणारे रोनाल्ड नॉक्स हे तर आपले कॅथलिक धर्मगुरू! पुढे त्यांनी संपूर्ण बायबल इंग्रजीत आणले. त्यांचे नियम लेखकाने वाचकाची फसवणूक करू नये यासाठी होते. चोरलेल्या मालाचे अखेर काय व्हावे, याविषयी त्या दहांत एक अक्षर नाही.

पुढे हा विषयच स्वतंत्र झाला. जोनाथन गॅश या टोपणनावाने लिहिणाऱ्या जॉन ग्रँट या डॉक्टरांनी १९७७ मध्ये 'द जूडस पेअर' या कादंबरीतून लव्हजॉय नावाचा जुन्या वस्तूंचा व्यापारी वाचकांपुढे आणला. इंग्लंडच्या पूर्व भागात वावरणाऱ्या या गृहस्थाला अस्सल जुनी वस्तू जवळ आली की अंगात झटका बसल्यासारखे होते. बनावट वस्तूपुढे तो थंड राहतो. मूळ कादंबऱ्या सोज्वळ म्हणाव्यात अशा नाहीत; बी.बी.सी.च्या मालिकेने १९८६ पासून त्यांना घराघरांत नेण्याजोगे केले. गॅश यांना त्यांचे श्रेय दिले पाहिजे. जुन्या कारागिराच्या हाताविषयी, लाकडावरून फिरलेल्या रंध्याविषयी, धातूच्या ओतकामाविषयी त्यांनी जे लिहिले आहे, ते प्रेमाने आणि अधिकाराने लिहिले आहे. पण 'द व्हॅटिकन रिप' या १९८१ च्या कादंबरीत हाच नायक व्हॅटिकनमधील एक जुने चिप्पेंडेल मेज चोरण्यासाठी रोमला जातो, आणि वाचकाने श्वास रोखून त्याचे यश चिंतावे, अशी लेखकाची अपेक्षा असते. 'द ग्रेल ट्री'मध्ये प्रभूच्या अंतिम भोजनातील चषक आपल्यापाशी असल्याचे सांगणारा एक वृद्ध धर्मगुरू प्राणास मुकतो. तो चषक खरा की खोटा, यावर पानेच्या पाने खर्ची पडतात. तसा चषक खरा असता तर तो कोणा एकाच्या कपाटात असावा काय, हा प्रश्न मात्र त्या बाजारी जगाला शिवत नाही.

अमेरिकेत या शाखेने पुढची मजल गाठली. बार्बरा ॲलन या जोडनावाने लिहिणाऱ्या दांपत्याच्या मालिकेत आई व मुलगी जुन्या वस्तू गोळा करता करता खुनांचा छडा लावतात, आणि प्रकरणाच्या शेवटी जुन्या वस्तूंच्या खरेदीविक्रीबाबत वाचकाला एक युक्तीही सांगितली जाते. म्हणजे कथा ही कथाही आणि बाजाराची शिकवणीही. घरातील वस्तू घेऊन लोक तज्ज्ञापुढे रांगेत उभे राहतात आणि किंमत कळताच हरखून जातात, असा 'अँटिक्स रोडशो' हा कार्यक्रम बी.बी.सी.ने १९७९ मध्ये सुरू केला. या कथांतील दृष्टी तीच आहे. आजीच्या हातची वस्तू पुढे येते. ती कोणी केली, कोणी वापरली, कोणत्या सुखदुःखात ती घरात होती, हे दोन वाक्यांत आटोपते. मग आकडा उच्चारला जातो आणि सर्वांचे डोळे विस्फारतात.

आता आमच्या आक्षेपाचा गाभा. या कथांत दुकानाच्या काचेमागे हटकून दिसणारे जुने क्रूस, चषक, संतांचे लाकडी पुतळे, वेदीवरील मेणबत्त्यांचे स्तंभ आले कोठून? इंग्लंडपुरते उत्तर इतिहासाच्या कोणत्याही शालेय पुस्तकात आहे. आठव्या हेन्रीने १५३६ ते १५४० या चार वर्षांत सुमारे ८०० मठ बंद केले. सोन्याचांदीची पात्रे राजाच्या खजिन्यात गेली, छपरांचे शिसे वितळवले गेले, जमिनी व इमारती सरदारांनी विकत घेतल्या. म्हणूनच या कथांतील श्रीमंतांच्या वाड्यांची नावे 'अमुक ॲबी' आणि 'तमुक प्रायरी' अशी असतात. जोगी गेले आणि नाव तेवढे मागे राहिले! फ्रान्समध्ये क्रांतीने हेच केले. पोर्तुगालने १८३४ मध्ये पुरुषांचे धर्मसंघ बरखास्त केले आणि लगोलग त्याची झळ गोव्यातील मठांनाही लागली. जुन्या वस्तूंच्या बाजारात फिरणारे कितीतरी पवित्र साहित्य अशा जप्तींतून बाहेर पडलेले आहे. खून झालेल्या व्यापाऱ्याला तीनशे पानांत न्याय मिळतो. ज्या वेदीवरून ती वस्तू उचलली गेली, त्या वेदीची चौकशी करायला एकही पान शिल्लक राहत नाही.

"अहो, ही करमणूक आहे, प्रवचन नव्हे," असे उत्तर आम्हांला मिळेल. मान्य. पण करमणूक करीत असतानाच वस्तूला न्याय देता येतो, हे ज्यांनी दाखवून दिले त्यांचे काय? जी. के. चेस्टरटन यांच्या फादर ब्राऊनची 'द ब्लू क्रॉस' ही पहिली कथा १९१० ची आहे. गोलमटोल, वेंधळा दिसणारा हा धर्मगुरू नीलमणी जडवलेला चांदीचा क्रूस साध्या कागदात गुंडाळून लंडनच्या परिषदेला नेत असतो, आणि फ्लांबो हा अट्टल चोर धर्मगुरूचा वेष घेऊन त्याच्या सोबतीला येतो. त्या क्रूसाची किंमत किती, यावर कथा क्षणभरही रेंगाळत नाही. क्रूस ख्रिस्तसभेचा आहे आणि तो सुखरूप पोचला पाहिजे, एवढेच फादर ब्राऊन जाणतो, आणि चोराला कळण्यापूर्वीच त्याने त्याची व्यवस्था लावलेली असते. शिवाय, चोराचा वेष उघडा पडतो तो त्याने मानवी बुद्धीलाच तुच्छ लेखल्यामुळे. खरा धर्मगुरू असे बोलणार नाही, हे फादर ब्राऊन ओळखतो. आणखी काही कथांनंतर हाच फ्लांबो चोरलेले हिरे परत करतो आणि चोरीचा मार्ग सोडतो. चेस्टरटन यांनी कॅथलिक धर्म स्वीकारला तो १९२२ मध्ये; पण सातवी आज्ञा त्यांना त्याआधीच नीट कळलेली होती.

आपल्याकडील उदाहरण हवे असेल तर सत्यजित राय यांचा फेलूदा आहे. तो मराठीतही आलेला आहे. 'कैलासे केलेंकारी' या कथेत भुवनेश्वरच्या राजाराणी मंदिरातील यक्षीचे शिर तस्करांच्या हाती लागते, आणि त्यांच्या मागावर फेलूदा थेट आपल्या वेरूळच्या लेण्यांत येतो. तेथे खूनही होतो, पण फेलूदाचा संताप मुख्यतः त्या पाषाणासाठी आहे. ते शिर कोणा एकाच्या दिवाणखान्याचे नाही, हे तो जाणतो. कथा वाचणाऱ्या मुलाला पुढचे पान उलटण्याची उत्सुकता त्यामुळे यत्किंचितही कमी होत नाही. अलीकडे इंग्लंडमध्येही सी. एल. मिलर यांनी २०२४ मध्ये अशीच एक नायिका आणली, जिचा पूर्वीचा व्यवसायच चोरीस गेलेल्या पुरातन वस्तू शोधण्याचा आहे. अशा लेखकांचे आम्ही स्वागत करतो. ते थोडे आहेत, हेच दुःख.

कथेबाहेरच्या जगात या वस्तूंचे काय होते? सिसिलीतील पालेर्मो शहराच्या सान लोरेन्झो प्रार्थनागृहातून १९६९ च्या ऑक्टोबरात काराव्हाज्जोचे प्रभुजन्माचे चित्र चौकटीतून कापून नेण्यात आले. ते आजतागायत सापडलेले नाही; २०१५ पासून तेथे त्याची प्रतिकृती टांगलेली आहे. स्पेनमधील सांतियागो दे कॉम्पोस्तेला येथील महामंदिरातून बाराव्या शतकातील एक अमूल्य हस्तलिखित २०११ मध्ये नाहीसे झाले, आणि वर्षभराने ते त्याच महामंदिराच्या एका जुन्या वीजतंत्र्याच्या गॅरेजमध्ये मिळाले. आणि जुन्या गोव्यात, सांता मोनिकाच्या मठातील ख्रिस्ती कला संग्रहालयात २०१२ च्या जानेवारीत चोरी झाली तेव्हा तेथील रखवालदाराचा खून झाला. तेथे चहाचे टेबल नव्हते. रात्रपाळीवरचा एक गरीब माणूस होता. ज्या जगाला या कथा 'कोझी' म्हणजे उबदार म्हणतात, त्याचे खरे रूप हे आहे. आणि दुर्मिळ पवित्र वस्तूला हौशी गिऱ्हाईक असते म्हणूनच चोराला ती चोरावीशी वाटते.

हे सारे दूरदेशीचे म्हणून सोडून द्यावे, तर आमच्या वसई-मुंबईच्या गावांतून जुनी घरे वेगाने पाडली जात आहेत. सदनिकेत मोठा अल्तार मावत नाही, म्हणून पणजोबांच्या काळातील कोरीव अल्तार, हस्तिदंती ख्रिस्त असलेला क्रूस, जुने लाकडी पुतळे यांचे काय करावे, हा प्रश्न अनेक कुटुंबांपुढे उभा राहतो. त्याच वेळी दारात एक नम्र गृहस्थ येतो आणि रोख रक्कम पुढे करतो. चार पिढ्यांनी ज्यापुढे गुडघे टेकले, ती वस्तू पुढे कोणाच्या हॉटेलात शोभेला लागते, हे विकणाऱ्याला कळतही नाही. ख्रिस्तसभेचा विधिनियम याविषयी स्पष्ट आहे. आशीर्वादाने अर्पण केलेली वस्तू खासगी मालकीची असली तरी ती आदराने वागवावी, अनुचित कामी लावू नये, असे ११७१ वा नियम सांगतो. पवित्र अवशेष विकणे ११९० व्या नियमाने सर्वथा निषिद्ध आहे. देशाचा १९७२ चा कायदाही शंभर वर्षांहून जुन्या मूर्ती व कलावस्तू परदेशी नेण्यास खासगी व्यक्तीला मनाई करतो. आणि १९९२ चा धर्मशिक्षण ग्रंथ, जक्कयाचे उदाहरण देऊन, अन्यायाने घेतलेले मूळ मालकाला परत करणे हे न्यायाचे कर्तव्य मानतो.

वसईच्या किल्ल्यातील चर्चच्या घंटांचा विषय येथे कोणी काढील. चिमाजी आप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकल्यावर त्या मराठी मुलखात गेल्या. भीमाशंकरला, नाशिकला, वाईजवळ मेणवलीला त्या आजही आहेत. युद्धाच्या त्या लुटीचा न्यायनिवाडा आम्ही येथे करीत नाही. पण एक फरक नजरेआड करू नये. त्या घंटा आजही देवाच्या दारी टांगलेल्या आहेत, त्या कोठून आल्या ते सर्वांना ठाऊक आहे आणि त्यांच्यावर किमतीची चिठ्ठी नाही.

तेव्हा ही पुस्तके मुलांच्या हातून काढून घ्यावीत, असे आम्ही सुचवीत नाही. ती त्यांच्याबरोबर वाचावीत, आणि शेवटचे पान झाल्यावर विचारावे : खुनी सापडला, पण क्रूस कोठे गेला? आणि मोठ्यांसाठी एक काम आहे. विधिनियम संग्रहाचा १२८३ वा नियम ख्रिस्तसभेच्या मालमत्तेच्या व्यवस्थापकांवर मौल्यवान व सांस्कृतिक महत्त्वाच्या वस्तूंची अचूक, तपशीलवार यादी करण्याचे बंधन घालतो. तिची एक प्रत व्यवस्थापनाच्या दप्तरी आणि दुसरी धर्मप्रांताच्या कार्यालयात ठेवायची असते. आपल्या धर्मग्रामात ती यादी आहे काय, तिच्यात सॅक्रिस्टीतील जुना चषक आणि माळ्यावरचा मोडका पुतळा नोंदलेला आहे काय, त्यांची छायाचित्रे काढलेली आहेत काय, हे पॅरिश कौन्सिलच्या पुढच्या सभेत कोणीतरी उभे राहून विचारावे.