गवई कोणत्या खात्यात?

परवा गुरुवारची शिकवणी आटोपली. तंबोरे गवसणीत गेले, तरी तिघे विद्यार्थी उठेनात. ओसरीवर फतकल मारून त्यांनी वह्या, पेन्सिली आणि नाना कोनांचे फासे मांडले. मी रागावण्याच्या बेतात होतो, तोच त्यांतल्या एकाने मान वर करून विचारले, "सर, राजाने गवयाला महिना किती द्यावा?"

हा प्रश्न नेमका आमच्याच ओसरीवर निघावा, याची मला गंमत वाटली. माझे आजोबा आणि वडील दोघेही दरबारचे नोकर. वडिलांचे नाव तबलजी म्हणून दरबारच्या पटावर चढले, तेव्हा ते बारा वर्षांचे होते. पुढच्याच वर्षी, १ मे १९४९ रोजी, बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि पट मिटला. तेव्हा राजाने गवयाला किती द्यावे, यापेक्षा राजा गेल्यावर गवयाला कोण देतो, हा प्रश्न आमच्या घरात अधिक परिचयाचा. तथापि मुलांचे म्हणणे ऐकून तर घ्यावे, म्हणून मी त्यांच्यात जाऊन बसलो.

हा खेळ बुद्धिबळासारखा पटावरचा नव्हे. एक जण सूत्रधार होतो आणि प्रसंग सांगतो. बाकीचे प्रत्येकी एकेक पात्र घेतात, आपण काय करतो ते बोलून दाखवतात, आणि जेथे यश संशयित असेल तेथे फासा निकाल देतो. अमेरिकेत १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या नावाने तो छापला. त्याचे मूळ लष्करी आहे. प्रशियाच्या सैन्यात रायस्विट्झ पितापुत्रांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी नकाशावरचा युद्धखेळ रचला. पुढे अशा खेळांचा छंद सामान्य नागरिकांना लागला, आणि त्या छंदातूनच हा कथेचा खेळ निघाला.

भुयारात शिरावे, राक्षसाशी लढावे, खजिना आणावा, एवढाच भाग बहुतेकांना ठाऊक असतो. परंतु मूळच्या नियमांत त्यापुढेही एक अंक होता, आणि माझ्या मते खरा अंक तोच. योद्धा पराक्रम करीत नवव्या पायरीला पोहोचला की त्याने किल्ला बांधावा आणि सरदार व्हावे. किल्ल्याच्या भोवताली वीस मैलांपर्यंत त्याचा अंमल. त्यात दोन ते आठ गावे, प्रत्येक गावात शंभर ते चारशे माणसे, आणि दर माणशी वर्षाला दहा मोहरा कर. म्हणजे हिशेबाने पाहू गेल्यास वर्षाचे उत्पन्न कमीत कमी दोन हजार आणि जास्तीत जास्त बत्तीस हजार मोहरा. यातूनच शिबंदी पोसायची आणि तट उभारायचे. काल ज्याने राक्षस मारला, त्याच्यापुढे आज शिपायांचा पगार उभा! आणि येथे तलवार चालत नाही.

पुढे या अंकाचा विस्तारही झाला. १९८४ साली निघालेल्या नियमांत प्रजेचा राजावरील विश्वास आकड्यात मोजला जाऊ लागला. तो ढासळला तर बंडाची धास्ती. १९८५ च्या 'पेन्ड्रॅगन' या खेळात दर हिवाळ्याला थांबून शूर सरदाराने पीक, घोडे आणि मुलेबाळे यांचा आढावा घ्यावा, अशी सोय झाली. १९९५ च्या 'बर्थराइट'मध्ये तर खेळाडू पहिल्याच दिवशी गादीवर बसतो. मात्र मूळ खेळाची नवी आवृत्ती २००० साली आली, तेव्हा किल्ला आणि जहागीर हा योद्ध्याचा ठरलेला हक्क राहिला नाही. पुष्कळ खेळाडूंना त्याची हळहळही वाटली नसावी. 'हिशेबच लिहायचा तर खेळ कशाला? दुकान काय वाईट?' असे आमच्या ओसरीवरचा एक जणही म्हणतोच.

मला हा आक्षेप पटत नाही. शिकवणीत नव्याने येणाऱ्या प्रत्येक मुलाला ताना हव्या असतात. लय सांभाळणे त्याला कारकुनी वाटते. परंतु तान घेऊन समेवर येता आले नाही, तर त्या तानेची किंमत काय? पराक्रमाचेही तसेच. खजिना आणला, पुढे काय केले, हे ज्या कथेत सांगितलेले नाही ती कथा समेवर आलेलीच नाही. आपल्याकडे रामचंद्रपंत अमात्यांचे आज्ञापत्र ज्यांनी वाचले आहे, त्यांना हे निराळे सांगावयास नको. गड घेण्याइतकेच गड राखण्याला, त्यावरच्या माणसांना आणि सामानसुमानाला तेथे महत्त्व आहे. पंधरा वर्षांचा मुलगा दुष्काळी सालात कर माफ करावा की शिबंदी कमी करावी, यावर तास-तास डोके खाजवीत असेल, तर त्याचा वेळ वाया जातो असे म्हणण्याचे मला धाडस होत नाही.

माझे भांडण आहे ते या खेळातल्या खतावणीशी. १९७४ च्या पुस्तकात सरदाराने पदरी ठेवावयाच्या कसबी माणसांची यादी आहे. तीत लोहार आहे, हत्यारे घडवणारा आहे, बांधकाम जाणणारा आहे, नावाडी आहे, हेर आहे, पंडितसुद्धा आहे. गवई नाही. १९७६ मध्ये गाणारा या खेळात आला, पण तो स्वतःच तलवार बांधून भटकणारा वीर म्हणून. पगार घेऊन रियाज करणारा माणूस म्हणून नव्हे. आता २०२४ च्या सूत्रधाराच्या पुस्तकात वाड्याला नाट्यगृह जोडता येते. हे वाचून मला बरे वाटले. पण पुढचे वाचले तेव्हा कळले की दोन आठवडे तालीम झाल्यावर, त्यात भाग घेणाऱ्या वीराला बक्षीस म्हणून एक जादा फासा मिळण्याचा संभव असतो. पुढे अडचणीच्या वेळी तो कामी यावा! म्हणजे पन्नास वर्षांनी रंगभूमी आली, पण तिचे उत्पन्न वाड्याच्या धन्याकडेच जमा. गावाने नाटक पाहिले, त्याचे गावाला काय मिळाले, हे खाते अजून कोरेच आहे.

बडोद्याच्या वाचकांना याचे उत्तर शोधण्यास लांब जावे लागणार नाही. येथे कलावंत कारखाना हे संस्थानचे रीतसर खाते होते. उस्ताद फैयाज खाँसारखा गायक या दरबारचा होता, याचा अभिमान आपण आजही मिरवतो, आणि तो रास्तच आहे. तथापि सयाजीराव महाराजांनी याहूनही दूरवर टिकणारी एक गोष्ट केली. १८८६ साली मौलाबक्षांच्या हाताखाली त्यांनी संगीताची शाळा काढली. दरबारात बसण्याचा ज्यांना कधी योग नव्हता, अशांच्या मुलांना तेथे सूर शिकता आला. या खर्चाने महाराजांच्या सैन्यात एक शिपाई वाढला नाही, की कराच्या वसुलीत एक रुपयाची भर पडली नाही. पण संस्थान गेले आणि शाळा राहिली; आज ती महाराजांच्याच नावाच्या विद्यापीठाचा भाग आहे.

उलट, केवळ राजाच्या पदरी असलेल्यांचे काय झाले, हे आमच्या घराला विचारावे. आपल्या जुन्या घरांतून दरबाराच्या आठवणी निघाल्या की शालजोड्या आणि बिदागी तेवढी निघते. पट मिटल्यावर वडिलांनी तीस-पस्तीस वर्षे सायकलवरून घरोघर शिकवण्या केल्या, ही आठवण सहसा कोणी काढीत नाही. त्यांनी कधी कोणाला दोष दिला नाही. मीही देत नाही. एका माणसाच्या रसिकतेवर उभा राहिलेला पगार त्या माणसाबरोबर जावयाचाच.

म्हणून त्या मुलाला मी म्हणालो, "अरे, गवयाचा पगार नको लिहूस. गावात शाळा लिही, आणि तिला एका गावाचे उत्पन्न कायमचे तोडून दे."

तो म्हणाला, "पण सर, याने आपल्याला फासा कोणता मिळणार?"

"कोणताच नाही."

थोडा वेळ तिघे गप्प होते. मग त्याने वहीत नवे खाते घातले आणि त्याच्यापुढे एका लहान गावाचे एक हजार मोहरा मांडले.

ज्यांच्या घरी मुले असले फासे घेऊन बसतात, त्या पालकांनी माझ्यासारखीच घटकाभर शेजारी बैठक मारावी, एवढीच विनंती. किती राक्षस मारलेस, हे विचारू नये. ते तो आपण होऊन सांगेल. राज्य मिळाल्यावर काय केलेस, आणि तू गेल्यावर त्यातले काय राहील, हे विचारावे.

आमच्या ओसरीवरच्या राज्यात कालच्या गुरुवारी दुष्काळ पडला. घोडदळ निम्मे करावे की शाळा बंद करावी, यावर तिघांचे कडाक्याचे भांडण चालू आहे. दिवेलागण झाली तरी मिटले नव्हते. मी मध्ये पडलो नाही.