शेजाऱ्याची सोडत आणि आपली मुद्दल

सोडत ही अनीती की देशसेवा? विसाव्या शतकातील ब्रिटन आणि आयर्लंड यांचे वर्तन पाहिले, तर उत्तर एवढेच मिळते: पैसा समुद्राच्या कोणत्या तीरावर जमा होतो, ते आधी सांगा. आजचा धागा या दोन शेजाऱ्यांच्या बक्षीस रोख्यांविषयी.

आरंभ १९३० मध्ये. रुग्णालयांना निधी मिळावा म्हणून डब्लिनमध्ये 'आयरिश हॉस्पिटल्स स्वीपस्टेक' सुरू झाली. गंमत अशी की सोडत आयर्लंडची, पण तिचा निकाल ठरे तो डर्बी, ग्रँड नॅशनल अशा इंग्लंडमधील घोड्यांच्या शर्यतींवर. आणि तिकिटे घेणाऱ्यांतही ब्रिटिशांचा भरणा मोठा.

पैसा बाहेर चालला तेव्हा लंडनची नीतिमत्ता जागी झाली. १९३४ च्या कायद्याने अशा तिकिटांची विक्री तर रोखलीच, शिवाय विजेत्यांच्या याद्या वृत्तपत्रांत छापण्यासही बंदी घातली. जुगाराने समाज बिघडतो, हे त्यामागचे गंभीर तत्त्व.

त्यानंतर अवघ्या बावीस वर्षांनी, एप्रिल १९५६ च्या अर्थसंकल्पात, हॅरॉल्ड मॅकमिलन यांनी 'प्रीमियम बाँड' जाहीर केले. विरोधी बाकांवरील हॅरॉल्ड विल्सन यांनी त्यांची 'गलिच्छ सोडत' म्हणून संभावना केली. कँटरबरीचे आर्चबिशपही नाराज झाले. योजना मात्र थांबली नाही.

तिची रचना समजून घेण्याजोगी आहे. एक पौंडाचा रोखा घ्यायचा. मुद्दल सरकारकडे सुरक्षित, हवी तेव्हा परत. व्याज मात्र कोणालाच द्यायचे नाही. सर्वांचे व्याज, त्या वेळी ४ टक्के दराने, एकत्र करून दरमहा सोडतीने काही मोजक्यांत वाटायचे. मोठे बक्षीस एक हजार पौंडांचे. पहिली सोडत १ जून १९५७ रोजी झाली. क्रमांक काढणारे 'अर्नी' हे यंत्र टपाल खात्याच्या डॉलिस हिल येथील अभियंत्यांनी बनवले होते. महायुद्धात गुप्त संदेशांची उकल करणारे 'कोलोसस' यंत्र घडवणाऱ्या चमूतील काही जण त्यांत होते.

म्हणजे हा जुगार नव्हे, असे सरकार म्हणू शकत होते, आणि ते खोटे नव्हते. गमवायचे ते फक्त व्याज. पण माझ्या मते इथेच खरी मेख आहे. ज्याच्याजवळ पाच-दहाच रोखे, त्याच्या वाट्याला बहुतेक महिने काहीच येत नसे. तो सरकारला बिनव्याजी कर्ज देत होता, आणि त्याला ते कर्ज वाटतही नव्हते.

आता आयर्लंडकडे पाहू. आयरिश पौंड तेव्हा स्टर्लिंगच्या बरोबरीचा. शिवाय पन्नाशीच्या दशकात रोजगारासाठी इंग्लंडला गेलेल्यांची संख्या प्रचंड. कोणाचा भाऊ, कोणाची बहीण तिकडे. पैसा पूर्वेकडे वाहण्यास आडकाठी कसली? डब्लिन सरकारने शेजाऱ्याचाच कित्ता गिरवला. अर्थमंत्री जेरार्ड स्वीटमन यांनी १९५६ मध्येच तरतूद केली आणि १९५७ मध्ये आयर्लंडचे 'प्राइझ बाँड' विक्रीस आले. (आपल्या केंद्र सरकारनेही १९६० साली असे बक्षीस रोखे काढले होते, हे आज फारसे कोणाच्या स्मरणात नाही.)

आयर्लंडला मी नक्कल केल्याचा दोष देणार नाही. आपल्या नागरिकांची बचत आपल्याच रस्त्यांना, घरांना लागावी, ही इच्छा रास्त आहे. तक्रार आहे ती दोन्ही सरकारांनी पुढे केलेल्या 'सुरक्षित मुद्दल' या शब्दाबद्दल. १९७५ मध्ये ब्रिटनमधील महागाई चोवीस टक्क्यांवर गेली. रोख्यावरचा पौंड पौंडच राहिला. त्यात येणारा पाव आणि कोळसा मात्र घटला. व्याज असते तर निदान थोडी भरपाई झाली असती.

शेजाऱ्याचा रोखा जवळ बाळगणाऱ्या आयरिश माणसाची कथा आणखी निराळी. १९७८ च्या अखेरीस आयर्लंडने ब्रिटनशी होणाऱ्या व्यवहारांवरही विनिमय निर्बंध लावले, आणि मार्च १९७९ मध्ये दोन्ही पौंडांची समानता तुटली. आयरिश पौंड स्टर्लिंगच्या खाली घसरला. ज्याने वीस वर्षांपूर्वी हौसेने ब्रिटिश रोखे घेतले होते आणि ज्याचा क्रमांक एकदाही लागला नव्हता, त्याला ते मोडल्यावर आपल्या चलनात पूर्वीपेक्षा अधिक पौंड मिळू लागले. अर्नीने जे दिले नाही ते विनिमय दराने दिले. तेही महागाईने मुद्दल अर्ध्याहून अधिक खाल्ल्यानंतर.