वाद्यांचें सोवळें

पाश्चात्य संगीताच्या जगांत गेल्या कांहीं दशकांपासून एक सोवळें पाळलें जात आहे, आणि आमच्याकडील रसिकांच्या तोंडूनहि तें आतां ऐकूं येतें. बरोक काळांत हार्पसिकॉर्डसाठीं लिहिलेले कॉन्चेर्टो पियानोवर वाजवूं नयेत, तसें करणें हा भ्रष्टाचार होय, असें हें सोवळें सांगतें. हा वाद मुंबईंतील सभागृहांपुरताच असता, तर आम्ही त्यांत पडलों नसतों. परंतु अक्कलकुवा तालुक्यांतील खापरसारख्या गांवच्या संगीतप्रेमी वाचकाचेंहि त्यांत नुकसान आहे, म्हणून लेखणी उचलणें भाग पडलें.

प्रथम आक्षेपकांची बाजू मांडूं. हार्पसिकॉर्डची पट्टी दाबली कीं तार छेडली जाते; बोट हलकें पडो वा जोरानें, नाद जवळजवळ सारखाच. पियानोंत हातोडी तारेवर आपटते व आघाताप्रमाणें नाद लहानमोठा होतो. आजचा भव्य पियानो दहाबारा तंतुवाद्यांस सहज गिळून टाकील, ही भीति खोटी नाहीं. पण हा दोष वादकाच्या अविवेकाचा, वाद्याचा नव्हे. जो वादक हात आवरून, व्हायोलिनांचें ऐकत वाजवितो, त्याला हा आरोप कसा लागावा?

आतां शुद्धतेचें पाहूं. लाइपझिग येथें १७२९ मध्यें बाखनें कॉलेजियम म्युझिकम या मंडळाचें नेतृत्व पत्करलें. मंडळाच्या बैठकी त्सिमरमानच्या कॉफीगृहांत होत. बाखच्या हार्पसिकॉर्ड-कॉन्चेर्टोंपैकीं बहुतेक मूळचे दुसऱ्याच वाद्यांचे! ई मेजरमधील व्हायोलिनचा कॉन्चेर्टो त्यानें डी मेजरमध्यें उतरवून हार्पसिकॉर्डला दिला. विवाल्डीचा १७११ मध्यें छापलेला चार व्हायोलिनांचा कॉन्चेर्टो चार हार्पसिकॉर्डांवर बसविला. १७४७ मध्यें पॉट्सडॅम येथें फ्रेडरिक राजाचे पियानोहि त्यानें वाजवून पाहिले. ज्या पुरुषाला स्वतःला कसला विटाळ झाला नाहीं, त्याच्या नांवानें इतरांनीं सोवळें नेसावें, यासारखा विनोद नाहीं.

असल्या सोवळ्याची किंमत आम्हीं एकदां मोजली आहे. १९४० मध्यें ऑल इंडिया रेडिओनें हार्मोनियमला बंदी घातली. ती सैल होण्यास १९७१ उजाडावें लागलें. १९११ च्या ‘मानापमाना’ला चाली देणारे गोविंदराव टेंबे हे पेटीचे अव्वल वादक, त्यांच्याच महाराष्ट्रांत त्यांचें वाद्य नभोवाणीवर उपरें ठरलें. त्या बंदीला निदान एक सांगीतिक कारण तरी होतें: पेटींतून मींड निघत नाहीं, श्रुतींचे बारकावे साधत नाहींत. हार्पसिकॉर्ड व पियानो यांच्यांत तेवढाहि भेद नाहीं. दोन्ही पट्ट्यांचीं वाद्यें, दोन्हींचे स्वर आधींच लावून ठेवलेले. बंदी असूनहि भजनांतून व मैफलींतून पेटी हटली नाहीं, कारण ती गांवोगांवीं हाताशीं होती.

हाताशीं असणें ही क्षुल्लक गोष्ट नव्हे. आमच्या प्रांतांत पियानो शिकणारीं मुलें आहेत. हार्पसिकॉर्ड मात्र शोधूनहि सांपडणें कठीण. मुंबईस मेहली मेहता यांनीं १९३५ मध्यें बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभारला, २००६ मध्यें सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया स्थापन झाला. असे मोठे वृंद रोज उभे राहत नाहींत. बाखच्या बहुतेक कॉन्चेर्टोंना मात्र एवढा पसारा लागतच नाहीं. दोन व्हायोलिन, व्हायोला, चेलो व बास इतका मेळ पुरतो. उद्यां धुळ्यास किंवा नाशिकास कोणीं असा मेळ पियानोभोंवतीं जमविला, तर खापरचा विद्यार्थी तेथें जाऊन हें संगीत प्रत्यक्ष ऐकूं शकेल. सोवळ्याचा नियम मानला, तर त्याच्या वांट्याला जन्मभर ध्वनिमुद्रणेंच यावयाचीं.

ज्यांना हार्पसिकॉर्ड लाभेल त्यांनीं तें अवश्य वाजवावें. आम्ही कान देऊन ऐकूं. पण ज्यांच्याजवळ पियानो आहे त्यांनीं कोणाच्या परवान्याची वाट न पाहतां मेळ जमवावा, आणि तो बेसूर झाला तरच त्यांस दोष द्यावा.