दुर्मिळ म्हणून दुर्लक्षित?

मधुमेह खाण्यापिण्यातून आणि बसून राहण्यातून येतो. जनुकांतले दुर्मिळ बदल शोधत बसणे म्हणजे पैशाची नासाडी आणि रुग्णाला पथ्य मोडायला आयती सबब, असा निकाल एका वक्त्याने नुकताच भरसभेत देऊन टाकला. टाळ्याही मिळाल्या. मला संताप आला.

सबबीचे म्हणाल, तर घराण्यात मधुमेह आहे हे कळल्यावर पथ्य सोडणाऱ्यांपेक्षा धास्तीने धरणारेच मी जास्त पाहिले आहेत. पैशाचे म्हणाल, तर नको ते औषध जन्मभर घेणे अधिक महाग पडते.

पण जे थोड्यांना होते ते सोडून द्यावे, हे कुठले वैद्यक? तीन महिन्यांच्या बाळाला मधुमेह होतो, तेव्हा त्याने कोणते अरबट-चरबट खाल्लेले असते? त्याला इन्सुलिन इतके थोडे लागते, की सिरिंजमध्ये अर्धे युनिट नेमके ओढताना आईचा हात कापतो. अशा अनेक बाळांत केसीएनजे११ या जनुकात बदल असतो, हे २००४ मध्ये कळले. त्यामुळे इन्सुलिन बनवणाऱ्या पेशीतली पोटॅशियमची वाट बंदच होत नाही आणि साखर वाढली तरी इन्सुलिन आत अडकून पडते. सल्फोनिलयुरिया गटातली जुनी, स्वस्त गोळी ती वाट बंद करते. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा ४९ रुग्णांपैकी ४४ जणांचे इन्सुलिन सुटले. सुया गेल्या, गोळी कुटून पाण्यात कालवून पाजली की झाले. जीवनशैलीवरच्या कुठल्या व्याख्यानाने हे साधले असते?

आणि दुर्मिळ तरी कुणासाठी? टीबीसी१डी४ जनुकातला एक बदल इतरत्र क्वचितच सापडतो, पण ग्रीनलंडच्या इनुइट लोकांत तो सर्रास आहे. दोन्ही प्रती बदललेल्यांना मधुमेहाचा धोका सुमारे १० पट. त्यांचे स्नायू जेवणानंतरची साखर नीट ओढून घेत नाहीत, म्हणून उपाशीपोटीच्या तपासणीत रोग निसटतो. उलट, एसएलसी३०ए८ या जनुकाची एक प्रत निकामी असलेल्यांना धोका सुमारे ६५ टक्के कमी, हे २०१४ मध्ये दिसले आणि औषध शोधणाऱ्यांना नवी दिशा मिळाली.

सडपातळ माणसाला मधुमेह होत नाही, असेही याच थाटात सांगितले जाई. पुण्यात झालेल्या एका अभ्यासात कमी वजनाच्या नवजात बाळांतही चरबी तुलनेने टिकून असल्याचे दिसले, म्हणजे बारीक अंगातही चरबी असू शकते हे कळले, तेव्हा ती भाषा सैल पडली. बोट मात्र रुग्णाच्या ताटाकडेच राहिले.

बहुतेकांच्या मधुमेहात अनेक जनुके आणि राहणी मिळून काम करतात, हे मला मान्य आहे. सरसकट तपासणी मी मागत नाही. सहा महिन्यांच्या आत मधुमेह झालेल्या प्रत्येक बाळाची जनुक-तपासणी व्हावी. तसेच पंचविशीच्या आत मधुमेह झालेले, अंगाने बारीक, इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींविरुद्धच्या अँटिबॉडी नसलेले आणि घरात तीन पिढ्या हाच आजार असलेले, त्यांचीही. त्यांच्यातल्या जीसीके जनुकात बदल असलेल्यांची साखर जन्मभर किंचितच चढलेली राहते. गरोदरपण सोडले तर बहुधा औषधही लागत नाही. अशा कित्येकांना आज गोळ्या चालू आहेत, आणि वर बोलणीही खावी लागतात.