नोंदी कुठे ठेवायच्या, आणि कोणत्या वाटेने?

बीसीए किंवा बीएस्सी आयटीच्या शेवटच्या वर्षाची मुलं खांदा कॉलनीत सोसायटीगणिक भेटतात. कुणी मोहल्ल्याच्या वाचनालयासाठी प्रोग्रॅम करतं, कुणी दवाखान्यासाठी. स्क्रीन देखणी असते. "बेटा, नोंदी आहेत कुठे आणि प्रोग्रॅम तिथवर पोहोचतो कसा?" असं विचारलं की गाडी अडते.

डेटाबेसशी बोलायला प्रोग्रॅमला मध्यस्थ लागतो. 1992 मध्ये ओडीबीसी आलं, 1996 मध्ये एडीओ, 2002 मध्ये एडीओ डॉटनेट. क्लासच्या जुन्या नोट्स अजून व्हीबी 6 आणि अ‍ॅक्सेसच्या जेटमध्येच अडकल्यात. जेटचा ओएलई डीबी प्रोव्हायडर फक्त 32 बिटचा. 64 बिटचा म्हणून बांधलेला प्रोग्रॅम त्याला शोधतो आणि 'प्रोव्हायडर नोंदलेला नाही' म्हणून थांबतो. परीक्षकासमोर हे घडलं की वर्षाची मेहनत पाण्यात.

खरा प्रश्न एकच: संगणक किती? एकच असेल तर एसक्यूलाइट घ्या. 2000 साली आलेलं, फुकट, आणि सगळा डेटाबेस एका फाइलमध्ये. मात्र ती फाइल नेटवर्कवरच्या सामायिक फोल्डरमध्ये ठेवून दोन टेबलांवरून लिहू नका. लॉकिंग बिघडलं की नोंदी खराब होतात. दोन टेबलं असतील तर मायएसक्यूएल किंवा पोस्टग्रेएसक्यूएलसारखा सर्व्हरच बरा.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट, जी पुस्तकात क्वचित असते. सभासदांची नावं मराठीत आणि उर्दूतही लागतात. व्हीबी 6 च्या साध्या खोक्यांत उर्दू नावाची प्रश्नचिन्हं होतात. एसक्यूलाइट युनिकोड नीट साठवतं, पण क्रम अक्षरांच्या सांकेतिक आकड्यांनी लावतं. त्या आकड्यांत 'पे' हा 'वाव'च्या पुढे, म्हणून उर्दू यादीत परवीन वहीदाच्या खाली जाते! आपला क्रम स्वतः लिहून द्यावा लागतो. तशी सोय त्यात आहे.

आणि नाव थेट क्वेरीत जोडू नका, पॅरामीटरने द्या. इंग्रजीत डिसोझा लिहिताना मधे येणारी एक खूणसुद्धा जोडलेली क्वेरी मोडते. खोडसाळ माणूस तर त्याच फटीतून आख्खी यादी पुसू शकतो.

बॅकअप प्रोग्रॅम बंद करूनच घ्या, आणि त्याची पेनड्राइव्ह त्याच टेबलाच्या ड्रॉवरमध्ये ठेवू नका.