माळ, पाणी आणि पाण्याखालचें गांव

नाताळची सुटी जवळ आली कीं घरोघर एकच वाद सुरू होतो. मुलांना जंगल पाहावयाचें असतें. गृहिणीस चार दिवस स्वयंपाकघरांतून सुटका हवी असते. वडील मंडळींस एखादें देवस्थान घडलें तर बरें वाटतें. आणि घरधन्यास नुसतें स्वस्थ बसावयाचें असतें. या चारहि इच्छा एका प्रवासांत पुऱ्या होत नाहींत अशी समजूत असल्यामुळें कोणाची तरी इच्छा मारली जाते, आणि ती बहुधा कोणाची, हें आमच्या वाचक भगिनींस सांगावयास नको.

परदेशांत या प्रश्नाचा उलगडा चांगला झालेला दिसतो. पश्चिम आफ्रिकेंत गांबिया नांवाचा देश आहे. त्या खंडाच्या मुख्य भूमीवरील तो सर्वांत लहान देश. एका नदीच्या दोन्ही तीरांनीं गेलेली चिंचोळी पट्टी, एवढाच त्याचा विस्तार. देशाचें नांवहि नदीचेंच. युरोपांतील मंडळी हिवाळ्यांत तेथें जातात, नावेंतून सावकाश नदी चढतात, तीरावरचे पक्षी पाहतात, बेटांवरील चिंपांझी नावेंतूनच न्याहाळतात, आणि नदीच्या मुखाकडील कुंटा किंते नांवाच्या लहानशा बेटावर उतरतात. तेथें एक पडका किल्ला आहे. एके काळीं आफ्रिकेंतील माणसें गुलाम करून समुद्रापार धाडण्याच्या व्यापाराशीं या बेटाचा संबंध होता. २००३ सालीं त्याची जागतिक वारशांत नोंद झाली. म्हणजे तेथील मौजेच्या प्रवासांतहि दुःखाची एक पायरी मुद्दाम ठेवलेली असते. तिच्यामुळें प्रवास उणा होत नाहीं, पुरा होतो.

हें वाचतांना आमच्या डोळ्यांपुढें आले ते आपल्याच पुणें जिल्ह्याच्या पूर्वेकडील बारामती व इंदापूर हे दोन तालुके. वनचरें, नौकाविहार आणि पूर्वस्मृति या तिन्ही गोष्टी तेथें एकमेकींच्या शेजारीं नांदतात. दुःखाची पायरीहि आहे. फक्त ती पाण्याखालीं असल्यामुळें बहुतेकांच्या नजरेस पडत नाहीं. ज्यांस तीन दिवसांची सवड आहे त्यांनीं पुढील क्रम घ्यावा. एका दिवसांत सर्व उरकूं पाहणाऱ्यांनीं घरींच राहावें. निदान पैसे तरी वांचतील.

पहिला दिवस माळाचा. पुण्याहून निघून बारामती तालुक्यांतील सुपें गांवीं यावें. शहाजीराजांच्या पुणें-सुपें जहागिरींतलें सुपें तें हेंच. त्याच्याजवळ मयूरेश्वर अभयारण्य आहे. १९९७ सालीं तें घोषित झालें आणि त्याचा विस्तार पांच चौरस किलोमीटरांहून किंचित् अधिक आहे. जंगल म्हणजे घनदाट झाडी, ही कल्पना मात्र घरीं ठेवून यावें. येथें आहे तें पिंवळें गवत, मधून मधून खुरटीं झाडें, आणि वर मोकळें आकाश. पहिल्या अर्ध्या घटकेंत मुलें म्हणतील, “बाबा, इथं तर कांहींच नाहीं!” त्यांस दटावूं नये, थोडा वेळ थांबवावें. गवताच्याच रंगाची एक पाठ हलते, आंखूड शेपूट फडफडते, आणि समोर चिंकारा उभा असतो! हें सडपातळ हरिण पुष्कळ दिवस पाण्यावांचून राहूं शकतें. पाल्यांतील ओलावा व पहाटेचें दंव त्यास पुरतें. पर्जन्यछायेच्या या कोरड्या प्रदेशांत तें टिकून राहिलें तें याचमुळें. लांडगा, खोकड व तरस हेहि याच माळाचे रहिवासी. पक्ष्यांमध्यें चंडोल, आणि उडण्यापेक्षां धावणेंच पसंत करणारा धाविक. शिरसुफळ व कडबनवाडी येथील गवताळ रानेंहि अशींच असून वनखात्यानें अलीकडे तेथें ठरलेल्या वाटांनीं वाहनांतून फिरण्याची सोय केली आहे.

माळ म्हटला कीं आपण त्यास ओसाड म्हणून मोकळे होतों, आणि सरकारी दप्तरहि अशा जमिनीस पडीक म्हणतें. मग कोणी सज्जन तेथें दाट झाडें लावून तिचें कल्याण करावयास निघतो. परंतु चिंकाऱ्यास शत्रु दुरून दिसावा लागतो, धाविकाचीं अंडीं उघड्या जमिनीवर असतात, आणि धनगराच्या मेंढरांसहि गवतच हवें असतें. माळावर अरण्य उठवणें म्हणजे या सर्वांस घराबाहेर काढणें होय. एवढी एक गोष्ट मुलांच्या ध्यानांत आली तरी पहिल्या दिवसाचें सार्थक झालें.

मोरगांव येथून जवळच, कऱ्हेच्या कांठीं. अष्टविनायकांतील या पहिल्या गणपतीविषयीं आमच्या वाचकांस आम्ही काय सांगावें? याच नदीच्या कांठीं पुढें बारामती आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नीरा डावा कालवा आला आणि या भागाची कळा पालटली; पुढें ऊंस आला, कारखाने आले. त्या गजबजाटांत जुनी बारामती थोडी शोधावी लागते. बाबूजी नाईक जोशी हे येथले मोठे सावकार व सरदार. बाळाजी विश्वनाथांची कन्या भिऊबाई याच घराण्यांत दिलेली होती. नाईकांचा वाडा आजहि पाहावयास मिळतो. त्यांच्याच आश्रयानें मोरोपंत येथें राहिले. १७२९ सालीं पन्हाळ्यास जन्मलेल्या या कवीनें आयुष्याचा मोठा भाग बारामतींत पुराण सांगण्यांत व आर्या रचण्यांत घालविला आणि १७९४ सालीं येथेंच देह ठेवला. ‘केकावलि’ पाठ करतांना ज्यांस शाळेंत छड्या बसल्या, त्यांनीं जुना राग विसरून त्यांच्या स्मृतीस एक नमस्कार करावा.

दुसरा दिवस पाण्याचा, आणि तो पुरा पाण्यासच द्यावा. पुणें-सोलापूर रस्त्यावर पुण्यापासून सुमारे १०० किलोमीटरांवर इंदापूर तालुक्यांत भिगवण आहे. आगगाडीनेंहि येतां येतें. भीमा नदीवर सोलापूर जिल्ह्यांत उजनी येथें जें धरण १९८० सालीं पुरें झालें, त्याचा फुगवटा येथवर येतो. धरण भरलें म्हणजे त्यांत सुमारे ११७ अब्ज घनफूट पाणी मावतें, आणि त्यांतील निम्म्याहून अधिक हा मृतसांठा. पावसाळ्यानंतर पाणी ओसरूं लागलें कीं कुंभारगांव, डिकसळ या बाजूस उथळ, चिखलाचे विस्तीर्ण पट्टे उघडे पडतात, आणि तेंच पाहुण्यांचें पंगतीचें पान. धरण तुडुंब असेल त्या वर्षीं पाहुणे उशिरा येतात. कारण पान मांडलेलें नसतें.

या पाहुण्यांत मान रोहिताचा. कोणी यास अग्निपंख म्हणतात, आणि तो पंख उघडतो त्या क्षणीं हें नांव पटतें. लांब पाय, लांब मान, आणि चोंच पाण्यांत उलटी धरून चिखलपाणी गाळून खाण्याची त्याची पद्धत मुलांस फार मौजेची वाटते. त्याचा गुलाबी रंग हा त्याच्या अन्नाचा रंग. शेवाळांतील व बारीक जलजीवांतील रंगद्रव्य पिसांत उतरतें. हिमालय ओलांडून येणारे पट्टकादंब, पळीसारख्या चोंचीचा चमचा, चित्रबलाक, नदीसुरय, राखी बगळे हे सर्व येथें भेटतात. चित्रबलाकांची वीण याच तालुक्यांतील भादलवाडीच्या तळ्यावर होते. आणि संस्कृत काव्यांतून ज्याचा विरह आपण पिढ्यान् पिढ्या वाचीत आलों तो चक्रवाकहि येथें प्रत्यक्ष दिसतो. तो जोडीनें अगदीं सुखांत चरत असतो, हें पाहून काव्यरसिकांची थोडी निराशा होण्याचा संभव आहे.

नौकेविषयीं दोन गोष्टी मात्र स्पष्टपणें सांगावयास हव्यात. पहिली पक्ष्यांसाठीं. थवा उडतांनाचें छायाचित्र मिळावें म्हणून नाव थव्यांत घालावयास सांगणारे पाहुणे असतात, आणि पोटासाठीं नावाडीहि तें ऐकतो. पक्ष्यानें दिवसभर खाऊन सांठवलेली शक्ति अशा दहा उड्डाणांत खर्च होते, आणि पुढचा परतीचा प्रवास तर तिच्याच जोरावर व्हावयाचा असतो. तेव्हां नावेंत बसण्यापूर्वींच नावाड्यास सांगावें, “दादा, लांबूनच दाखवा; उडाले नाहींत तरी चालेल.” ठरल्याहून चार पैसे अधिक द्यावेत, म्हणजे त्या शब्दास वजन येतें. दुसरी गोष्ट माणसांसाठीं. या पाण्यास वाऱ्याचा भरंवसा नाहीं. २१ मे २०२४ रोजीं कुगांवहून कळाशीकडे येणारी नाव वादळी वाऱ्यानें उलटली आणि सहा माणसें बुडालीं. तरंगण्याचें जाकीट अंगांत असल्याशिवाय लहानथोर कोणीहि नावेंत पाऊल ठेवूं नये. वारा सुटला तर तीरावरच चहा घ्यावा. जाकीट घालून चांगलें दिसत नाहीं ही तक्रार तीरावर परतल्यावर करतां येते.

रात्रीं आसपासच्या गांवांत घरगुती सोय होते. चुलीवरची भाकरी, पिठलें व ठेचा मिळतो. भिगवणची मासळीहि प्रसिद्ध आहे. आमच्या पुष्कळ वाचकांस तिचा उपयोग नाहीं, निदान उघडपणें तरी नाहीं.

तिसरा दिवस स्मृतीचा. भिगवणहून इंदापुरास जातांना पळसदेव लागतें. रस्त्यालगत दिसतें तें नवें गांव. जुनें गांव खालीं पाण्यांत आहे, आणि तेथेंच पळसनाथाचें प्राचीन दगडी देऊळ आहे. एरवीं तें जळांत असतें. पाणी फार खालावलें म्हणजे शिखर, मग सभामंडप, असें तें हळूहळू वर येतें. २०२४ च्या उन्हाळ्यांत धरणाचें पाणी मृतसांठ्यांतहि फार खोल गेलें, तेव्हां तें पुरें उघडें पडलें आणि पाहावयास लोकांची रीघ लागली. ज्या वर्षीं देऊळ दिसतें, तें वर्ष शेतकऱ्यास वाईट असतें, हें तेथें उभें असतांना विसरूं नये.

हीच ती पाण्याखालची पायरी. पळसदेव हें एकटें नव्हे. पुणें, सोलापूर व अहिल्यानगर या तीन जिल्ह्यांतील अनेक गांवें या जलाशयासाठीं उठलीं. नदीकांठची काळी जमीन, विहिरी, पार, ग्रामदैवतें, चार पिढ्यांचे उंबरठे, हें सर्व गेलें. त्या मोलानें सोलापुराकडील कोरडा मुलूख भिजला, शहरांस पाणी मिळालें, ऊंस वाढला, आणि रोहितास नवें घर मिळालें. धरण नको होतें असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु ज्या पाण्यावर आपली नाव सुखानें तरंगते, तें कोणाच्या अंगणावर उभें आहे हें माहीत नसणें ही सुशिक्षितास शोभणारी गोष्ट नव्हे.

आणखी एक देणें आपल्याच नांवावर आहे. पुणें शहरांतील मोऱ्यांचें पाणी मुळा-मुठेंतून भीमेंत, आणि भीमेंतून याच जलाशयांत येतें. येथील हिरवट पाण्याकडे पाहून नाक मुरडण्यापूर्वीं पुणेंकरांनीं आपल्या न्हाणीघराची आठवण करावी. शहरांतलें सांडपाणी शुद्ध करूनच नदींत सोडलें जावें, हा आग्रह धरण्याचा अधिकार व कर्तव्य, दोन्ही आपल्याकडेच आहेत.

इंदापुरांत मालोजीराजांची गढी पाहावी. शिवछत्रपतींचे हे आजोबा इंदापूरच्या लढाईंत पडले. तेथीलच चांदशाहवलींच्या दर्ग्यास सर्व धर्मांचे लोक जातात. शेवटीं नीरा-नरसिंहपूर. येथें नीरा भीमेस मिळते, आणि पुणें जिल्ह्याचें आग्नेय टोंक संपतें. पेशवाईंत विंचूरकर सरदारांच्या औदार्यानें उभें राहिलेलें लक्ष्मी-नृसिंहाचें भव्य देऊळ घाटाच्या पायऱ्यांवर आहे. प्रल्हादानें स्वहस्तें केलेली वाळूची मूर्ति ती हीच अशी श्रद्धा आहे. आमच्या वाचकांपैकीं कित्येकांचें हें कुलदैवत. वडील मंडळींचा हट्ट येथें पुरा होतो, आणि संगमावर पाय सोडून बसलें म्हणजे घरधन्याचाहि.

एवढ्या तीन दिवसांस विलायती प्रवासाचा खर्च लागत नाहीं. लागतो तो वेळ, आणि विचारपूस करण्याची संवय. म्हणून शेवटची सूचना अशी, कीं तीरावरील एखाद्या वृद्ध गृहस्थांजवळ मुलांस बसवावें आणि विचारूं द्यावें, “आजोबा, तुमचं जुनं गांव कुठं होतं?” ते पाण्याकडे हात करतील. मग मुलांस पुढचे प्रश्न सुचवावे लागणार नाहींत.